वाचकांचे प्रश्न : सण कोणाचा, पंचांग कोणाचे?

ख्रिस्ती सण, श्रद्धा आणि राजकारण या विषयांवर मागील अंकात वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत शंका होत्या, राग होता, आणि काही पत्रांत दोन्ही एकाच वाक्यात होते. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. मी धर्मगुरू नव्हे. रविवारच्या उपासनेला मागच्या बाकावर बसणारा आणि मंडळीचा इतिहास आवडीने वाचणारा साधा ख्रिस्ती आहे. तेव्हा पुढील मतांची जबाबदारी कोणत्याही मंडळीवर नाही, माझ्यावर आहे.

प्रश्न : येशूचा जन्म २५ डिसेंबरला झाला याला बायबलमध्ये आधार नाही आणि ती तारीख मुळात रोमन सूर्यदेवाच्या उत्सवाची होती, असे वाचले. मग नाताळला तुम्ही नेमका कोणाचा जन्मदिवस साजरा करता?

उत्तर : प्रश्नाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांत, जन्माची तारीख नाही, महिना नाही. मार्क आणि योहान यांनी तर जन्माची हकिगतच सांगितलेली नाही. पहिल्या दोन शतकांतील बहुतेक ख्रिस्ती लोकांना ही उणीव जाणवत होती असेही दिसत नाही. तिसऱ्या शतकातील ऑरिजेन या पंडिताने, पवित्र शास्त्रात स्वतःचा वाढदिवस साजरा करणारे कोण, तर इजिप्तचा राजा फारो आणि गालीलचा हेरोद, असे दाखवून देऊन वाढदिवसाची प्रथाच निकालात काढली होती.

उत्तरार्ध मात्र वाटतो तितका सरळ नाही. २५ डिसेंबरला येशूचा जन्म झाल्याची सर्वांत जुनी नोंद इ.स. ३५४ मध्ये रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा हस्तलिखितात सापडते आणि तिचा मजकूर ३३६च्या सुमाराचा मानला जातो. गंमत अशी की, त्याच हस्तलिखिताच्या दुसऱ्या भागात त्याच तारखेपुढे ‘अजिंक्या’चा, म्हणजे सूर्याचा, जन्मदिवस आणि त्यानिमित्त रथांच्या तीस शर्यती अशी नोंद आहे, आणि सूर्याच्या या तारखेचाही त्याहून जुना स्पष्ट पुरावा हाती नाही. सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचे मोठे मंदिर उभारले, हे खरे. पण कोणी कोणाची तारीख घेतली हे त्यावरून ठरत नाही. एकाच वाड्यात दोन पाहुणे उतरलेले दिसतात, आधी कोण आले ते कोणी लिहून ठेवलेले नाही. सॅटर्नेलिया या रोमन सणाचे नाव याच संदर्भात हमखास घेतले जाते. तो १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ तारखेला संपत असे, एवढे सांगून मी तो विषय सोडतो.

तारखेचा दुसरा उलगडा हिशेबी आहे आणि मला तो अधिक पटतो. इ.स. २००च्या सुमारास तेर्तुलियन या लेखकाने येशूला क्रूसावर दिल्याची तारीख २५ मार्च अशी दिली. येशू ज्या दिवशी मरण पावला त्याच दिवशी तो मरीयेच्या उदरी आला होता, अशी समजूत पुढे रूढ झाली आणि ती ऑगस्टीन या धर्मपंडिताने नोंदवून ठेवली आहे. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडच्या काही मंडळ्यांत मरणाची तारीख ६ एप्रिल धरली जाई. तेथून नऊ महिने मोजले की ६ जानेवारी, आणि आर्मेनियन मंडळी आजही येशूचा जन्म त्याच दिवशी साजरा करते. म्हणजे या हिशेबात नाताळची तारीख पाळण्यापासून निघालेली नाही, क्रूसापासून निघालेली आहे.

उद्या कोणी ठोस पुराव्यानिशी सिद्ध केले की तारीख सूर्याचीच होती, तरी माझी झोप उडणार नाही. पोप ग्रेगरी पहिला याने ६०१ मध्ये इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या मठाधिपतीला लिहिले होते की तेथील देवळे पाडू नका, त्यांतील मूर्ती काढा आणि त्याच जागी उपासना सुरू करा. उसनवारी झाली, उघड झाली आणि लेखी आज्ञेने झाली. आपण मराठी बोलणारे ख्रिस्ती दर आठवड्याला ज्या दिवशी उपासनेला जातो त्याचे नाव रविवार आहे, आणि आजवर मला कोणी विचारले नाही की तुम्ही रवीची उपासना करता का. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीज ‘नताल’वरून, जन्म या अर्थी, आला आहे. ज्याचा जन्म म्हणून तो दिवस पाळला जातो, त्याचाच तो जन्मदिवस. तारीख माणसांनी ठरवली, हे कबूल करण्यात संकोच कसला?

प्रश्न : नाताळ ठरलेल्या तारखेला येतो, मग ईस्टर का सरकतो? आणि काही देशांत ईस्टर दोनदा कसा होतो?

उत्तर : नाताळ तारखेने येतो, ईस्टर तिथीने येतो. येशूचे मरण आणि पुनरुत्थान वल्हांडण सणाच्या दिवसांत घडले आणि वल्हांडण यहुदी लोकांच्या चांद्र महिन्यावर चालतो. इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या नायसिया येथील धर्मसभेने सर्वांनी एकाच रविवारी सण करावा असे ठरवले. पुढे रूढ झालेला नियम असा की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर. ही पौर्णिमा आकाशातली नसून कोष्टकातली असते, हे लक्षात ठेवावे. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येऊ शकतो.

दोन ईस्टरांचे कारण दोन पंचांगे. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावा याने जुन्या ज्युलियन पंचांगात साचलेली चूक काढण्यासाठी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर लिहायला लावले. पोपने सुचवले म्हणूनच ते न स्वीकारणारे देश पुष्कळ होते: इंग्लंडने १७५२ पर्यंत आणि रशियाने १९१८ पर्यंत वाट पाहिली. पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या ईस्टरसाठी अजून जुनेच पंचांग धरतात आणि त्यांचा २१ मार्च आपल्या ३ एप्रिलला येतो. २०२४ मध्ये एक ईस्टर ३१ मार्चला आणि दुसरा ५ मे रोजी झाला. २०२५ मध्ये मात्र दोन्ही २० एप्रिलला जुळून आले.

पंचांग ही वरवर निरुपद्रवी दिसणारी वस्तू किती राजकीय असू शकते हे युक्रेनने अलीकडेच दाखवले. तेथे नाताळ रशियाप्रमाणेच ७ जानेवारीला पाळला जाई. रशियाच्या आक्रमणानंतर, जुलै २०२३ मध्ये, युक्रेनने कायदा करून नाताळची सुटी २५ डिसेंबरला आणली, आणि युक्रेनच्या स्वतंत्र ऑर्थोडॉक्स मंडळीने त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून स्थिर तारखांच्या सणांसाठी नवे पंचांग घेतले. येशू तोच, गीते तीच, आणि तेरा दिवसांचा फरक पुसण्यामागे शेजाऱ्याच्या रणगाड्यांचा आवाज.

प्रश्न : गुड फ्रायडेच्या वाचनांत ‘यहुदी’ हा शब्द ज्या रागाने येतो, तो ऐकून मला अस्वस्थ वाटते. हे माझे मन कमकुवत असल्याचे लक्षण आहे का?

उत्तर : नाही. उलट ही अस्वस्थता आपल्या पूर्वसुरींना थोडी आधी आली असती तर बरे झाले असते.

नायसियाच्या सभेनंतर कॉन्स्टंटाइनने मंडळ्यांना धाडलेल्या पत्रात ईस्टरच्या तारखेसाठी यहुदी लोकांवर अवलंबून राहू नये असे सांगताना त्यांच्याविषयी जी तुच्छतेची भाषा वापरली आहे, ती वाचवत नाही. ज्याच्या पुनरुत्थानाचा हा सण, तो स्वतः यहुदी, त्याची आई यहुदी, त्याचे बाराही प्रेषित यहुदी, आणि त्याच्या सणाची तारीख त्याच्याच लोकांपासून दूर नेण्याचा आग्रह एका रोमन सम्राटाचा! पुढे शतकानुशतके युरोपातील यहुदी वस्त्यांनी पवित्र आठवड्यात दारे लावून घेतली, कारण उपासनेहून परतणारा जमाव केव्हा अंगावर येईल याचा नेम नसे. १९०३ मध्ये तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह शहरात दंगल पेटली ती ऑर्थोडॉक्स ईस्टरच्याच दिवशी, आणि तिच्यात ४९ यहुदी मारले गेले. रोमन कॅथलिक मंडळीच्या गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांना लावलेले ‘अविश्वासी’ या अर्थाचे विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढायला लावले, आणि येशूच्या मरणाचा दोष सरसकट त्या काळच्या किंवा आजच्या यहुदी लोकांवर ठेवता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या धर्मसभेने, १९६५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे एवढे साधे वाक्य लिहायला एकोणीस शतके लागली.

शुभवर्तमानातील मजकूर बदलता येत नाही, पण वाचताना आवाज बदलता येतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो शब्द अनेक ठिकाणी येतो तेथे रोख मंदिराच्या अधिकाऱ्यांवर असतो, आणि क्रूसाची शिक्षा देणारा पिलात रोमन सुभेदार होता. तुमच्या पाळकांना एकदा विचारून पाहा की वाचनापूर्वी हे दोन वाक्यांत सांगता येईल का. यासाठी इस्राएलच्या आजच्या सरकारचे प्रत्येक धोरण मान्य करावे लागते असे मुळीच नाही. त्या दोन गोष्टींची गल्लत करणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत.

प्रश्न : नाताळच्या उपासनेत आमच्या पाळकांनी निर्वासित, युद्ध आणि सरकारे यांवर प्रवचन दिले. आम्ही वर्षातून एकदा शांततेसाठी येतो. सणाला तरी राजकारण बाहेर ठेवता येणार नाही का?

उत्तर : तुमचा थकवा मला समजतो, कारण तो मलाही येतो. पण राजकारण बाहेर ठेवायचे तर प्रथम लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पहिले वाक्य बाहेर ठेवावे लागेल. ती गोष्ट देवदूताने सुरू होत नाही, मेंढपाळांनी होत नाही. ती रोमन सम्राट कैसर औगुस्ताच्या हुकुमाने सुरू होते की सर्व जगाची नावनिशी लिहिली जावी. नावनिशी लिहायची ती कर बसवण्यासाठी. क्विरीनिय या रोमन सुभेदाराच्या कारकिर्दीत, इ.स. ६ मध्ये, यहूदियात नावनिशी झाली तेव्हा गालीलकर यहूदाने बंड केले होते. (येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की मत्तयाने जन्म यहूदियाचा राजा थोरला हेरोद याच्या काळात घातला आहे आणि हा हेरोद इ.स.पू. ४ मध्येच वारला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. लूकच्या नावनिशीशी त्याचा मेळ घालताना अभ्यासकांची आजही दमछाक होते.)

याहून बोलकी गोष्ट एका शिलालेखात आहे. इ.स.पू. ९ च्या सुमारास रोमच्या आशिया प्रांताने, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागाने, आपले वर्ष औगुस्ताच्या वाढदिवसापासून, २३ सप्टेंबरपासून, सुरू करण्याचा ठराव केला. प्रीएने येथे सापडलेल्या या ठरावात म्हटले आहे की या देवाचा जन्मदिवस ही जगासाठी सुवार्तेची सुरुवात होती. शब्द तोच आहे, जो पुढे लूकने मेंढपाळांशी बोलणाऱ्या देवदूताच्या तोंडी घातला. सम्राटाच्या जन्माची सुवार्ता सरकारी दगडावर कोरलेली असताना, त्याच सम्राटाचे नाव घेऊन, गव्हाणीत निजवलेल्या एका मुलाच्या जन्माला कोणी ‘सुवार्ता’ म्हणत असेल, तर पहिल्या शतकातील ऐकणाऱ्यांना त्यातला टोला समजत नसेल काय? आपण ते वाक्य घंटांच्या आवाजात ऐकतो म्हणून ते आपल्याला गोड लागते.

सत्ताधाऱ्यांना मात्र सणाची ताकद नेहमीच कळत आली आहे. सोव्हिएत राजवटीने आधी नाताळची झाडे बंद पाडली आणि १९३५ मध्ये तीच झाडे नववर्षाची म्हणून, येशूला वगळून, परत आणली. क्यूबाने १९६९ मध्ये ऊसतोडणीच्या हंगामाचे कारण देऊन नाताळची सुटी रद्द केली, ती पोप दुसरे जॉन पॉल यांच्या जानेवारी १९९८ मधील भेटीच्या तोंडावर परत दिली. व्हेनेझुएलात जुलै २०२४ मधील निवडणुकीच्या निकालावर वाद पेटलेला असताना अध्यक्ष मादुरो यांनी त्या वर्षीचा नाताळ १ ऑक्टोबरलाच सुरू होईल असे जाहीर केले. तेथील बिशपांना मग, सण प्रचारासाठी वापरू नये आणि तो केव्हा सुरू होतो हे मंडळीला माहीत आहे, अशा आशयाचे पत्रक काढावे लागले. सण बंद करणारा राजा आणि सण वाढवून देणारा राजा यांत मला दुसऱ्याची भीती अधिक वाटते, कारण त्याच्याविरुद्ध बोलणारा माणूस सणाविरुद्ध बोलतो आहे असे दिसते.

या हातचलाखीचे सर्वांत नेमके वर्णन गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्ये लिहिले. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांना नाताळपासून नववर्षापर्यंत सुटी मिळे. मालक त्या दिवसांत दारू पिण्यास उत्तेजन देत, काम करणाऱ्याला कमी लेखत, आणि डग्लसच्या मते ही सुटी म्हणजे बंडाची वाफ सोडून देण्याची झडप होती. पण त्याच सणाने कधी उलटही केले आहे. जमैकात १८३१ च्या नाताळात सॅम्युएल शार्प या गुलामाने, जो बाप्टिस्ट मंडळीत सेवक होता, सुटी संपल्यावर मजुरी ठरल्याखेरीज कामावर जायचे नाही, असा बेत प्रार्थनासभांतून पसरवला. २७ डिसेंबरला उसाच्या मळ्यांना आगी लागल्या, संपाचे बंड झाले, ते चिरडले गेले, तीनशेहून अधिक गुलामांना देहदंड मिळाला आणि शार्पला २३ मे १८३२ रोजी फाशी झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. ज्या मळ्यात एकाच दिवशी मालक आणि गुलाम तीच गोष्ट ऐकत होते, तेथे कोणी कोणती ओळ ऐकली यावर सगळे ठरले.

तुमच्या पाळकांनी निर्वासितांचा विषय काढला तो गोष्टीबाहेरून आणलेला नाही. हेरोदाने बालकांना मारण्याचा हुकूम दिला आणि योसेफ रातोरात कुटुंबाला घेऊन मिसरला, म्हणजे इजिप्तला, गेला, हे मत्तय सांगतो. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील क्लेरमाँट येथील एका मेथडिस्ट चर्चने देखाव्यात योसेफ, मरीया आणि बाळ यांना तीन वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवले होते, आणि २०२३ मध्ये खुद्द बेथलेहेमातील लूथरन चर्चने बाळ येशूला पडक्या घराच्या दगडविटांत ठेवले. दोन्ही ठिकाणी लोक चिडले, रडलेही.

मर्यादा मात्र मलाही हवी आहे. व्यासपीठावरून पक्षाचे किंवा उमेदवाराचे नाव घेतले गेले तर तुम्ही उठून बाहेर जावे, या मताचा मी आहे. तसेच, ज्या प्रवचनात दोष नेहमी सभागृहाबाहेरच्या माणसांचाच निघतो आणि बाकांवर बसलेल्या एकालाही अवघडल्यासारखे होत नाही, त्या प्रवचनाविषयी मला संशय येतो, मग ते कोणत्याही बाजूचे असो. तुमच्या पत्रावरून तरी असे दिसते की तुम्हाला अवघडल्यासारखे झाले. पाळकांना भेटून तेच सांगा. त्यांना बरे वाटेल.

प्रश्न : पाश्चात्त्य देशांत ‘मेरी ख्रिसमस’ऐवजी नुसत्या ‘सुटीच्या शुभेच्छा’ देण्याची पद्धत पडली आहे. हे नाताळावरचे आक्रमण आहे असे तुम्हाला वाटत नाही का?

उत्तर : नाही. नाताळावर खरेखुरे आक्रमण झाले ते ख्रिस्ती लोकांकडूनच. इंग्लंडच्या पार्लमेंटने, जेव्हा तेथे प्युरिटन पंथाचा वरचष्मा होता, १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे सण रद्द केले, कारण त्यांना बायबलचा आधार नाही. त्या २५ डिसेंबरला कँटरबरीत दुकाने उघडी ठेवण्याचा हुकूम निघाला आणि लोकांनी दंगल केली. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ मध्ये मिळाली. या सगळ्यातून सण तरला. दुकानदाराच्या शुभेच्छांनी तो बुडेल असे वाटणाऱ्याला सणाची काळजी कमी आणि ‘हा देश आमचा आहे’ या वाक्याची काळजी अधिक असावी.

प्युरिटनांची थट्टा करणे सोपे आहे, म्हणून एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगतो. कोणी एक दिवस दुसऱ्याहून अधिक मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो, आणि प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. सण न पाळणारा ख्रिस्ती कमी ख्रिस्ती ठरत नाही. त्यांचे चुकले ते दंड लावण्यात.

प्रश्न : एवढा इतिहास माहीत असूनही तुम्ही घरी गव्हाणीचा देखावा मांडता का? मांडताना मनात काय असते?

उत्तर : मांडतो. आणि मनात इतिहास असतोच, कारण बैल आणि गाढव काढताना आठवते की शुभवर्तमानांत हे दोघे नाहीत, ते यशयाच्या पुस्तकातील एका ओळीवरून आले. आणि असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो या गावी जिवंत बैल, गाढव आणि गवत आणून नाताळ केला, तेव्हापासून त्यांना कोणी हलवू शकलेले नाही. मीही हलवत नाही.

आमच्याकडची मातीची चित्रे जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून खोक्यात असतात. एका उंटाचा पुढचा पाय मोडला आहे आणि तेथे आगकाडी चिकटवलेली आहे. तिघे मागी, म्हणजे बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, आम्ही पहिल्याच दिवशी गव्हाणीजवळ ठेवत नाही. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फळीवर निघतात आणि रोज वीतभर पुढे सरकतात. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिने सगळी चित्रे मोजली आणि विचारले, ‘बाबा, हेरोद कुठाय?’ मी म्हणालो, खोक्यात हेरोद येत नाही. ती म्हणाली, ‘पण मागी त्याच्याचकडून येतात ना?’ आणि तिने बुद्धिबळाच्या डब्यातून काळा राजा आणून मागींच्या वाटेवर, शब्दकोशाच्या आड, उभा केला.

तेव्हापासून तो दरवर्षी तेथे असतो. पाहुण्यांना सहसा दिसत नाही, ज्यांना दिसतो ते विचारतात. बाळ २४ तारखेच्या रात्री गव्हाणीत येते, मागी ६ जानेवारीला पोहोचतात, आणि परत जाताना, मत्तयाने सांगितल्याप्रमाणे, त्यांना आम्ही दुसऱ्या वाटेने, खिडकीच्या कडेने नेतो. मग चित्रे खोक्यात जातात आणि काळा राजा डब्यात परत टाकावा लागतो, नाहीतर पुढचा डाव मांडता येत नाही.